पावसाळ्यात पुण्यातील लहान मालवणी खानावळीत वडीलधाऱ्यांना न्यायचे आहे. वेळ आणि मासळी याबाबत सल्ला हवा

कोथरूडची_सून

नमस्कार. माझे सासू-सासरे जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वेंगुर्ल्याहून आमच्याकडे येणार आहेत. श्रावण लागण्याआधी त्यांना कर्वे रस्त्याच्या परिसरातील एका लहान मालवणी खानावळीत जेवायला न्यावे, अशी आम्हा दोघांची फार इच्छा आहे. तिथे जेमतेम दहा टेबले आहेत, जागा आधी राखून ठेवत नाहीत आणि रविवारी दुपारी नंबर लावून थांबलेली माणसे पायऱ्यांवरून थेट पदपथापर्यंत आलेली असतात. मुलांना धरून आम्ही सहा जण असू. गुडघेदुखीमुळे सासऱ्यांना फार वेळ उभे राहता येत नाही. त्याहून मोठी काळजी अशी की, आयुष्यभर बंदरावरची मासळी खाल्लेल्या माणसाला शिळा मासा पहिल्या घासालाच कळतो, आणि मग ते कुणालाही न दुखवता ताट हळूच बाजूला सारतात. मला तसे होऊ द्यायचे नाही.

कोणत्या दिवशी आणि किती वाजता जावे? मासेमारी बंद असताना काय मागवावे? पापलेट आणि सुरमईपुढे फळ्यावर केवळ ‘बाजारभावाप्रमाणे’ असे लिहिलेले असते. वडीलधाऱ्यांसमोर दर विचारणे बरे दिसते का?

हर्णै_ते_हडपसर

ताई, आधी मासळीचे सांगतो, कारण वेळ आणि दर ही दोन्ही गणिते तिच्यावरच बसलेली आहेत. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या प्रजननाचा काळ आहे आणि समुद्रही खवळलेला असतो. त्यामुळे जुलैच्या मध्यावर पुण्यात दिसणारा मोठा पापलेट किंवा सुरमई एक तर शीतगृहातून आलेली असते किंवा पूर्व किनाऱ्यावरून, कारण तिकडची बंदी १५ एप्रिलपासून असते आणि १४ जूनला संपते. पूर्वेकडचा मासा वाईट असतो असे मुळीच नाही, परंतु तो बर्फात लांबचा प्रवास करून गणेश पेठेच्या बाजारात पोहोचतो आणि आपल्या सासऱ्यांना तो फरक कळणारच.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, या दिवसांत पापलेटचा हट्ट सोडावा. २०२३ मध्ये आपल्या शासनाने चंदेरी पापलेटला राज्य मासा म्हणून घोषित केले, ते त्याचे घटत चाललेले प्रमाण लक्षात घेऊनच. तळहाताएवढे पिल्लू ताटात आले तर ते कोणत्याही ऋतूत नाकारावे, असे मला मनापासून वाटते. त्याऐवजी खाडीची कोळंबी मिळते का ते विचारा, आणि जिवंत आलेल्या चिंबोऱ्या असतील तर दुसरे काही पाहूच नका. चिंबोरी अमावास्येच्या सुमारास भरलेली आणि पौर्णिमेला पोकळ निघते, असे किनाऱ्यावर सगळेच मानतात. सासरेही तुम्हाला हेच सांगतील.

आणखी एक गोष्ट पुण्यातील मंडळींच्या सहसा ध्यानात येत नाही. कोकणात पावसाळ्याचे जेवण म्हणजे सुकी मासळी. सोड्यांची भाजी, सुक्या जवळ्याची चटणी, सुक्या बोंबलांचे कालवण, हे पदार्थ बहुतेक मालवणी खानावळी या दोन महिन्यांत करतात, पण शहरी गिऱ्हाईक मागत नाही म्हणून फळ्यावर लिहीत नाहीत. तुम्ही मुद्दाम विचारा. वेंगुर्ल्याच्या माणसाला जुलैत सोड्यांचे जेवण मिळाले, तर त्याला आपल्या घरी बसल्यासारखे वाटेल.

गल्ल्यामागून

मी पुण्यात अशाच एका लहान खानावळीचे स्वयंपाकघर बरीच वर्षे सांभाळले आहे, त्यामुळे आतल्या बाजूने लिहितो.

रविवार टाळाच, आणि आषाढातला शेवटचा रविवार तर कटाक्षाने टाळा. सोमवार, गुरुवार आणि शनिवार अनेक घरांत मासे खात नाहीत, पुष्कळांचा मंगळवारही असतो; त्यामुळे सगळी गर्दी बुधवार, शुक्रवार आणि रविवारी लोटते. साहजिकच मालकही याच दिवसांच्या हिशेबाने माल भरतो. म्हणजे गर्दी नको म्हणून गुरुवारी गेलात, तर आदल्या दिवशीची मासळी समोर येण्याची शक्यता वाढते. बुधवारी किंवा शुक्रवारी, दार उघडते त्या वेळी, म्हणजे बहुतेक ठिकाणी बाराच्या सुमारास पोहोचणे सर्वांत उत्तम. सहा जणांना दहा टेबलांच्या जागेत एकत्र बसायचे, तर शेजारशेजारची दोन टेबले रिकामी व्हावी लागतात, आणि एकदा जागा भरली की ती दोन्ही एकाच वेळी उठणे कठीण असते. मुले आणि त्यांचे बाबा एका टेबलावर आणि तुम्ही तिघे दुसऱ्या टेबलावर, अशी तयारी असेल, तर गल्ल्यावर तसे आधीच सांगा. नंबर पुष्कळ लवकर लागतो. सासऱ्यांसाठी आत एक खुर्ची मागायला संकोच करू नका.

त्याच दिवशी सकाळी अकराच्या सुमारास दूरध्वनी करून ‘आज काय आले आहे?’ एवढेच विचारा. लहान जागेचे मोठेपण यातच आहे. तिथे साठवणीला जागा नसते, सकाळी आणलेले दुपारी अडीचपर्यंत संपते आणि फळ्यावरची नावे एकेक करून पुसली जातात. चिंबोऱ्या हव्या असतील तर त्याच वेळी सांगून ठेवा, कारण त्या साफ करून, फोडून, वाटणात शिजवायला वेळ लागतो, खायला तर त्याहून अधिक लागतो, आणि बाहेर माणसे ताटकळत असताना वडीलधाऱ्यांना नांगी घाईने फोडावी लागू नये. याच दूरध्वनीवर सुरमईच्या तुकडीचा दरही विचारून घ्या, म्हणजे टेबलावर तो विषय निघणारच नाही. तसा टेबलावर विचारण्यातही काही गैर नाही. मासा आणून दाखवा, त्याचे वजन सांगा, असे म्हणणारे गिऱ्हाईक आम्हाला आवडायचे. त्याला माशातले कळते, हे आम्हालाही कळायचे.

बांगडा आणि सुरमईच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगा. हे मासे पकडल्यापासून सतत थंड राहिले नाहीत, तर त्यांत हिस्टामिन तयार होते आणि ते तळून किंवा उकळून नाहीसे होत नाही. जिभेला मिरीसारखी चुरचुर जाणवली, तर तो घास तिथेच थांबवावा आणि मालकाला शांतपणे सांगावे.

भिगवणचा_रहिवासी

समुद्र बंद असताना जिवंत मासा खायचा असेल, तर उजनीच्या पाण्याचाही विचार व्हावा. पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवणच्या आसपास चिलापी, मरळ आणि वाम यांची थाळी देणाऱ्या अनेक खानावळी आहेत, आणि मासा जलाशयातून निघून तव्यावर पडेपर्यंत फार वेळ जात नाही. ताजेपणाच हवा असेल, तर याला तोड नाही.

हर्णै_ते_हडपसर

ताजेपणाबाबत आपले म्हणणे मान्य आहे आणि मरळ मलाही आवडते, परंतु खाऱ्या पाण्याच्या माशावर वाढलेल्या ज्येष्ठांना गोड्या पाण्याची चव सहसा रुचत नाही, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी एवढा प्रवासही नको. नंतर कधीतरी स्वतंत्रपणे तिकडे जावे.

कोथरूडची_सून

आपणा सर्वांचे मनापासून आभार. शुक्रवारी बाराचे ठरवले आहे आणि सकाळी दूरध्वनी करून चिंबोऱ्या व सोडे यांची चौकशी करीन. एकच शंका उरली आहे. मुले सहा आणि नऊ वर्षांची आहेत. त्यांना काट्यांची भीती वाटते आणि तिखटही सोसत नाही.

गल्ल्यामागून

मुलांसाठी कोळंबी रवा लावून तळायला सांगा आणि मालवणी मसाला कमी लावा असे मागणी देतानाच सांगा, कारण मासळीला मसाला लागल्यानंतर काही करता येत नाही. सुरमई चांगली आलेली असेल, तर मधली तुकडी मागा. तिचा काटा मध्यभागी असतो आणि सहज बाजूला काढता येतो. मांदेली आणि करली मात्र मुलांना देऊ नका. कालवणाऐवजी त्यांना सोलकढी-भात द्यावा. सोलकढी त्याच सकाळी काढलेल्या नारळाच्या दुधाची आहे ना, तेवढे विचारून घ्या. फार वेळ राहिली की ती फुटते आणि सासूबाईंच्या ते आधी लक्षात येईल.