रेड वाईनला ढोबळी मिरचीचा वास. बिघडली का?

वेलिंग्टनचा_वारा: काल न्यूझीलंडमधल्या हॉक्स बेची मर्लो–कॅबर्नेट फ्रांक (या दोन द्राक्षांची रेड) उघडली. ग्लास नाकाशी नेला तर चक्क ढोबळी मिरची! पीठ पेरून भाजी करायला चिरतो ना, अगदी तशी. मग आलुबुखार, टोक केलेली पेन्सिल. घोट घेतला की तोंडाला पाणी सुटतं आणि हिरड्या कोरड्या पडतात. अल्कोहोल १३ टक्के. माझी जीभ नाशिकच्या शिराझवर पोसलेली, त्यामुळे पातळच वाटली. बायको म्हणे, "यापेक्षा कोकम सरबत बरं." फेकू का?

आंबटगोड: अहो, थांबा! तो पायराझिन नावाच्या द्राक्षातल्याच रसायनाचा वास, कॅबर्नेटच्या घराण्यातला. द्राक्ष पिकत जातं तसा कमी होतो, थंड हवेत थोडा उरतो. तोंडाला पाणी सुटतं ते आंबटपणामुळे. बिघडलेलीला ओल्या पुठ्ठ्याचा नाहीतर व्हिनेगरचा वास येतो. किती गार होती?

वेलिंग्टनचा_वारा: फ्रिजमधून थेट ग्लासात. 🙈

आंबटगोड: तिथेच घोळ. गार वाईनमध्ये फळ दबतं, टॅनिन (हिरड्या कोरड्या करतं ते) बोचतं. १६–१७ अंशांवर प्या.

गोटे_मोजणारा: लेबलवर गिंब्लेट ग्रॅव्हल्स (हॉक्स बेमधला गोट्यांचा पट्टा) आहे का? १८६७च्या पुरात ङारुरोरो नदीने (हो, ङ! शाळेनंतर आज पहिल्यांदा टाइप केला) पात्र बदललं आणि गोटे उघडे पडले. ते दिवसाची ऊब धरून ठेवतात, म्हणून तिथे मर्लो नीट पिकते.

वेलिंग्टनचा_वारा: नाही, नुसतं हॉक्स बे. उरलेली अर्धी आज तासभर बाहेर ठेवून प्यालो. मिरची मागे सरली, जांभूळ पुढे आलं. सोबत खिमा होता. बायको कोकमावर ठाम आहे.