चोपण रान सोलरला भाड्यानं द्यायचंय, पण पुराचं पाणी येतं. पूररेषेचा नियम नक्की काय?

मळीवाला_पलूस

नमस्कार मंडळी. गाव पलूस तालुक्यात, भिलवडी-अंकलखोपच्या पट्ट्यात, कृष्णाकाठी. एकूण साडेचार एकर रान, त्यातलं निम्म्याच्या वर चोपण, म्हणजे खारवट आणि निचरा नसलेलं झालंय. आमच्याच हातानं झालं म्हणा, वीस-पंचवीस वर्षं पाटानं पाणी पाजून पाजून मीठ वर आणलं. उन्हाळ्यात बांधावर उभं राहिलं तर कुणीतरी चुना शिंपडून गेल्यासारखं दिसतं. ऊस लावला तर कमरेएवढा होतो आणि तिथंच पिवळा पडून थांबतो.

गेल्या महिन्यात एक एजंट आला. सौर कृषी वाहिनी योजनेतनं प्रकल्प करायचाय म्हणाला. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, दरवर्षी ३ टक्के वाढ, पंचवीस-तीस वर्षांचा करार. आमचं रान १ हेक्टर ८२ आर, म्हणजे सव्वादोन लाखांच्या वर घरबसल्या. सबस्टेशन तीन किलोमीटरवर, तेही त्यांना सोयीचं. घरात सगळे खूश. चिरंजीवांनी तर ट्रॅक्टर विकायच्या गोष्टी सुरू केल्यात.

माझं घोडं पाण्यात अडलंय, आणि हे शब्दशः घ्या. २००५ ला पाणी आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला आलं. रानात मधोमध गोठा आहे. त्याच्या भिंतीवर २०१९ च्या चिखलाची रेघ अजून दिसते, माझ्या खांद्याला लागते. वडिलांनी पाणी उतरल्यावर त्या रेघेवर एक खिळा ठोकून ठेवलाय. २०२१ ची रेघ त्या खिळ्याखाली दीड वीत.

एजंट म्हणतो, "काका, नदीपासून ५०० मीटरच्या बाहेर असलं की काही नियम लागत नाही, तुमचं रान तर नऊशे मीटरवर आहे." नऊशे मीटर बरोबर आहे. पण आमच्याकडं पाणी नदीकडनं येतच नाही, ओढ्यानं उलटं येतं. नदी फुगली की ओढा मागं चढतो आणि आमचं रान गावाच्या आधी भरतं.

तर हा ५०० मीटरचा नियम कुठला? पूररेषेत सोलर बसवता येतं का? आणि उद्या परवानगी अडकली तर मी करार करून फसतो की कंपनी?

---

निवृत्त_शाखाभियंता_कराड

५०० मीटरचा नियम आहे, पण तो आपल्याकडचा नाही. समुद्रकिनाऱ्याच्या सीआरझेडमध्ये (किनारी नियमन क्षेत्रात) भरतीरेषेपासून जमिनीकडं ५०० मीटर मोजतात. तिथं भरती-ओहोटी लागते. आपल्या कृष्णेला भरती भेटायची तर पार आंध्रात हंसलादेवीपर्यंत जावं लागेल. एजंटानं कोकणातला कुठलातरी प्रकल्प पाहिला असेल आणि तेच वाक्य घाट चढवून आणलं. गंमत म्हणजे किनाऱ्यावरच्या त्या अधिसूचनेत अपारंपरिक ऊर्जेला परवानगी घेऊन वाव ठेवलेला आहे.

नदीकाठी अंतर चालत नाही, पातळी चालते. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सोपं आहे. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपात्र ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल हे नियंत्रित. २०२० च्या डिसेंबरात राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यात निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे आणि अपवाद मोजके आहेत: मोकळं वाहनतळ, बाग, हिरवळ, स्मशानभूमी, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, पाइपलाइन अशा धर्तीचे. सोलर हा शब्द मी त्या यादीत वाचलेला नाही. "खांब म्हणजे बांधकाम नव्हे" असा युक्तिवाद करणारे भेटतील. मी खुर्चीवर असतो तर कंट्रोल रूम, ट्रान्सफॉर्मरचा चौथरा आणि सभोवतालचं जाळीचं कुंपण बघून फाइल परत पाठवली असती. निळी ते लाल या पट्ट्यात बांधकाम होऊ शकतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट वर उचलून.

कुंपणाचं का म्हणालो ते सांगतो. पुरात नुसतं पाणी येत नाही. पाचट येतं, मुळासकट उपटलेला ऊस येतो, जलपर्णी येते. हे सगळं जाळीला चिकटलं की कुंपण राहत नाही, बंधारा होतो. मग तुमच्या वरच्या शेजाऱ्याच्या रानात फूटभर पाणी जास्त. भांडण तिथनं सुरू होतं.

आयर्विन पुलाच्या आकड्यांवर जाऊ नका. ४० फुटांला इशारा, ४५ फुटांला धोका, २०१९ ला ५७ फुटांच्या वर, हे सगळं सांगलीच्या पुलाशी. तुम्ही वरच्या अंगाला आहात, तिथली पातळी वेगळी. तुमचं खरं मोजमाप तो खिळा आहे. तो काढू नका. सर्व्हेवाल्याकडनं खिळ्याची आणि रानाच्या चारी कोपऱ्यांची पातळी समुद्रसपाटीपासून काढून घ्या. मग पाटबंधारे विभागाकडं गट नंबर देऊन पूररेषेच्या दाखल्याचा अर्ज करा आणि नगर रचना कार्यालयातून झोन दाखला काढा. दोन्ही कागद हातात आल्याशिवाय सही करू नका.

---

विट्याची_वायर

मी सोलरच्या साइटवर सुपरवायझर आहे, सात वर्षं झाली. साहेबांनी कागदाचं सांगितलं, मी लोखंडाचं सांगतो.

पॅनलची खालची कड आम्ही जमिनीपासून दोन-तीन फुटांवर ठेवतो. काकांच्या खांद्याएवढं पाणी म्हणजे पॅनल निम्मं बुडालं. काचेला काही होत नाही. मरतात ते कनेक्टर, जंक्शन बॉक्स आणि इन्व्हर्टर. जंक्शन बॉक्सवर आयपी ६७ लिहिलेलं असतं आणि विकणारा छाती ठोकून सांगतो की पाण्यात चालतं. आयपी ६७ चा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. तुमच्याकडं २०१९ ला पाणी किती दिवस होतं?

उंच करायचं म्हटलं तर होतं. पण स्ट्रक्चर दहा फुटांवर नेलं की वारा धरतो, खांब जाड लागतो, पाया खोल लागतो, आणि कंपनीचं गणित बिघडतं. ते उंच करणार नाहीत, विमा काढतील. विमा त्यांचा, चिखल तुमचा.

दुसरं, चोपण रान खांबावरचा जस्ताचा थर लवकर खातं. जमिनीतल्या सल्फेटनं साधं काँक्रीटपण पोखरतं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, खांब हलतो. माती तपासली का, एवढंच एजंटाला विचारा. त्याच्या तोंडाकडं बघून कळेल.

---

मळीवाला_पलूस

२०१९ ला नऊ दिवस पाणी होतं. म्हशी पलूसला मेहुण्याकडं नेऊन बांधल्या होत्या.

माती तपासली का म्हणून फोनवर विचारलं. "ते नंतर इंजिनिअर बघतील" म्हणाला. पण टोकन म्हणून पंचवीस हजार आजच देतो म्हणाला.

---

साताऱ्याची_पोर

टोकनची एवढी घाई म्हणजे दुसरीकडं कुणीतरी नाही म्हटलेलं दिसतंय 😄

---

कण्हेर_बॅकवॉटर

काका, तुमच्यासारखंच माझं झालं, फक्त नदीऐवजी धरण. आम्ही मेढ्याकडचे, कण्हेरच्या पाण्याच्या कडेला. वेण्णेवर धरण झालं तेव्हा सासऱ्यांची जमीन गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाळपेराची जमीन उघडी पडते, ती वर्षाच्या कराराने कसायला मिळते. काकडी, भुईमूग, कधी ज्वारी. सोन्यासारखी माती, पण आपली नाही.

आम्ही पंपासाठी सौर कृषी पंप योजनेत अर्ज केला. दहा टक्के भरले, ५ एचपी मिळाला. बसवायला आलेल्या पोरांनी पाण्याजवळ पाइप कमी लागतो म्हणून सांगाडा गाळपेरातच उभा केला. आम्हालाही कळलं नाही. ऑगस्टात धरण भरलं, सांगाड्याच्या पायाला पाणी लागलं, आणि पाठोपाठ नोटीस: जलाशयाच्या हद्दीत कायम बांधकाम, काढून घ्या. पूर्ण संचय पातळीच्या आत जमीन सरकारची असते, तिथं पीक चालतं, खांब चालत नाही, हे मला त्या नोटिशीतनं समजलं. सांगाडा वर हलवायला अठरा हजार गेले. बसवणाऱ्यांनी फोन उचलला नाही.

सांगायचं एवढंच, की नोटीस जमिनीवर ज्याचं नाव त्याला येते. तुमच्या करारात पूररेषेची परवानगी कुणी आणायची, नाही मिळाली तर काय, आणि पुरानं वाहून आलेला कचरा, मोडलेली पॅनलं रानातनं कुणी काढायची, हे सगळं मराठीत लिहून घ्या. इंग्रजी करार वाचून दाखवला म्हणून सही करू नका.

---

निवृत्त_शाखाभियंता_कराड

ताईंनी सांगितलं ते बरोबर. धरणाच्या कडेला नियम आणखी कडक, कारण तिथं मालकीच बदलते. नदीकाठी जमीन तुमचीच राहते, वापरावर बंधन येतं. लोक या दोन गोष्टी एकत्र करतात.

एक भर. करार नोंदणीकृतच असू द्या आणि सात-बाराच्या इतर हक्कात काय चढणार ते आधी विचारा. पुढं सोसायटीचं पीककर्ज काढायला गेलात की तो रकाना आडवा येतो.

---

मळीवाला_पलूस

सगळ्यांचे आभार. काल सर्व्हेवाला आणला होता, दिवसभर बांधानं हिंडलो. जे निघालं ते सांगतो, कारण मला स्वतःलाच पटायला रात्र गेली.

ओढ्याकडचा कोपरा खिळ्यापेक्षा सव्वादोन मीटर खाली आहे. मधला चोपण तुकडा सगळा खिळ्याच्या खालीच, कुठं मीटर तर कुठं दीड मीटर. रस्त्याकडची दीड एकराची पट्टी तेवढी खिळ्याच्या वर, हातभर. म्हणजे जी जमीन मी सोलरला द्यायला निघालो होतो ती पाण्याखाली जाते, आणि जी पाण्यावर राहते तिच्यात एकरी साठ टन ऊस येतो. थोडा विचार केला तर आधीच कळायला हवं होतं. रान चोपण झालं ते खोलगट होतं म्हणूनच. पाण्याला निचरा नाही, मिठाला जायला वाट नाही, आणि पुरालाही तीच जागा आवडते.

एजंटाला म्हटलं, वरची दीड एकर घेता का? म्हणाला, एका मेगावॅटला चार-पाच एकर सलग लागतं, दीडमध्ये काही होत नाही. मग त्याला विचारलं, चोपणाची पातळी खिळ्याच्या खाली आहे, तुमची कंपनी पूररेषेचा दाखला आणणार का? म्हणाला, दाखला तुम्ही आणायचा, कंपनी फक्त भाडं देते. पंचवीस हजार तसेच परत खिशात घालून गेला.

चिरंजीव दोन दिवस बोलत नव्हते. आज सकाळी तेच म्हणाले, वरच्या पट्टीला लागून चुलत भावाचं तीन एकर आहे, तेही उंचावर आहे, दोघांनी मिळून विचारलं तर? त्याच्या रानात द्राक्षाची बाग होती, गेल्या साली काढली, सध्या मोकळंच आहे. भावाशी आमचं बांधावरनं दहा वर्षं बोलणं नाही, ती वेगळी गोष्ट.

@विट्याची_वायर, दादा, साडेचार एकर पण दीड माझं, तीन त्याचं, मधनं बांध आणि बांधावर दोन आंब्याची झाडं. असं चालतं का?

---

विट्याची_वायर

बांध अडचण नाही. आंब्याची सावली अडचण आहे. दक्षिणेला असतील तर कंपनी तोडा म्हणणार. उत्तरेला असतील तर राहू दे, पोरांना कैऱ्या होतील.

---

मळीवाला_पलूस

उत्तरेला आहेत.

पूररेषेच्या दाखल्याचा अर्ज दिला, त्यात भावाचाही गट नंबर टाकलाय. त्याला न विचारता टाकलाय, उद्या सांगेन. चोपणाला सच्छिद्र पाइप टाकून निचरा काढायचं बघतोय, खर्च ऐकून जरा गप्प बसलोय. सर्व्हेवाल्याच्या पोरानं टेप लावताना खिळा सैल केला होता. वडिलांनी बघितलं आणि काही न बोलता हातोडी घेऊन आले.