सोसायटीच्या टाक्यांना वायरलेस सेन्सर: सोय की नसती उठाठेव?

सिंहगडरोडकर
आमच्या ६ इमारती. प्रत्येकीच्या गच्चीवर टाकी, खाली एक भूमिगत. वॉचमनकाका दिवसातून दोनदा शिडी चढून पाणी बघतात. पावसाळ्यात शेवाळलेल्या शिडीवर त्यांना चढवणं मला पटत नाही. कमिटीपुढे प्रस्ताव ठेवलाय: प्रत्येक टाकीत अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून पाण्याची पातळी मोजणारा), त्याला लोरा रेडिओ (कमी विजेवर लांबवर छोटे निरोप पाठवणारा), ऑफिसात ते निरोप गोळा करणारा एक गेटवे. त्याच्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरींना आपल्याकडे परवाना लागत नाही. दर १५ मिनिटांनी दोन-चार आकडे पाठवायचे, त्यामुळे सेलही लवकर संपत नाही.

भोसरीचा फिटर
इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये केस पांढरे केले, म्हणून सांगतो, वायर ओढा. ४ ते २० मिलीअँपिअरच्या लूपमध्ये वायरमधला प्रवाहच पातळी सांगतो, टाकी रिकामी असली तरी ४ मिलीअँपिअर वाहतो. वायर तुटली की शून्य. म्हणजे पाणी संपलंय की सेन्सर मेलाय, ते पॅनेलवरच कळतं. तुमच्या रेडिओचा सेल संपला की मोबाइलवर काल रात्रीचे ८० टक्के तसेच झळकत राहणार. आमच्याकडे असाच शिळा आकडा बघत अख्खी दिवसपाळी गेली. पंप कोरडा फिरला, सील जळालं.

सिंहगडरोडकर
तो दोष रेडिओचा कसा? आकड्यासोबत वेळ दाखवायची, अर्धा तास निरोप नाही आला की लाल. वायरसाठी ६ इमारतींचे पेव्हर ब्लॉक कोण उचकटणार? आणि वळवात वीज कडाडली की गच्चीपासून ऑफिसपर्यंतची वायर काय काय घेऊन येईल?

गल्लीतला पुणेकर
मोबाइलवर बघून टाकीत पाणी वाढतं का? फ्लोट व्हॉल्व्ह लावा आणि झोपा.

कोथरूडची सेक्रेटरी
फ्लोट व्हॉल्व्ह टँकर मागवत नाही हो. आम्ही वर्षभर हे वापरतोय, तर अनुभव सांगते. भूमिगत टाकीत रेडिओ गपगार. वर आरसीसी स्लॅब, त्यावर लोखंडी झाकण. अँटेना बाहेर काढली तेव्हा बोलायला लागला. दुसरं, सेन्सरच्या तोंडावर वाफेचे थेंब जमले की टाकी भरलेली दाखवतो. अगदी जवळचं पाणी त्याला दिसतच नाही, म्हणून काठोकाठ पातळीच्या वीत-दीड वीत वर बसवा. उन्हाने हवा तापली की आवाजाचा वेग अंशामागे सेकंदाला साधारण ०.६ मीटर वाढतो. तापमानाची भरपाई नसेल तर १० अंशांत २ मीटरला साडेतीन सेंटीमीटर चूक. टँकर मागवायला तेवढी चालते.

भोसरीचा फिटर
ती अर्ध्या तासाची अट ऑर्डरमध्ये लिहून घ्या, तोंडी नको. भूमिगत टाकी पंपरूमपासून किती लांब?

सिंहगडरोडकर
१० फूट.

भोसरीचा फिटर
मग तिथे रेडिओ कशाला? पंप बंद करायचा निरोप वायरनेच जाऊ दे.

सिंहगडरोडकर
बरं, ती एक वायरवर. गच्चीवरच्या सहा मात्र रेडिओनेच.