रंगवलेल्या डायलचं घड्याळ 'जुनं, अस्सल' म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे

चावीवाला

जुन्या घड्याळांच्या विक्रीची कुठलीही जाहिरात काढा. एचएमटी पायलट, सिको फाइव्ह, फेव्हर-ल्युबा सी किंग. डायल कालच छापल्यासारखं दिसतं, आणि बऱ्याचदा ते खरोखर कालच छापलेलं असतं. खाली मजकूर मात्र 'सत्तरच्या दशकातलं, अस्सल, फुल सर्व्हिस'. यात अस्सल असलंच तर आतलं मशीन, तेही नशीब जोरावर असेल तर.

जगभरच्या घड्याळवेड्यांत या मालाला नावच पडलंय : 'मुंबई स्पेशल'. भारतातून आलेलं जुनं घड्याळ म्हटलं की बाहेरचं गिऱ्हाईक आधी नाक मुरडतं. ज्याच्याकडे खरंच आजोबांचं, कुणी हात न लावलेलं घड्याळ आहे, त्यालाही मग शंभर प्रश्न.

कसं करतात ते ठाऊक नसेल त्यांच्यासाठी. डायलच्या मागे दोन बारीक पाय असतात, ते मशीनमध्ये बारक्या स्क्रूंनी धरलेले असतात. डायल सोडवायचं, जुना रंग आणि छपाई काढून खालचा धातू उघडा करायचा, नवा रंग, लॅकर, आणि वर हाताशी असेल त्या ठशाने अक्षरं. भिंग लावून बघा, अक्षरांच्या कडा पसरलेल्या दिसतील. मिनिटांच्या रेघा एका बाजूला पूर्ण, दुसऱ्या बाजूला कडेशी कापलेल्या. सिकोमध्ये तर चोर पकडायला फार अक्कलही लागत नाही. सहाच्या खाली, डायलच्या अगदी कडेला, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत कोड असतो. त्यात मशीनचा चार आकडी नंबर येतो, आणि मागच्या झाकणावरच्या नंबराचे पहिले चार आकडेही तेच. झाकणावर ७००९ आणि डायलवर कोडच गायब, किंवा भलताच, तर समजून जायचं.

मशीनचा जवळपास प्रत्येक भाग दुसऱ्या मशीनमधून काढून घालता येतो. डायल एकदा खरवडलं की संपलं. म्हणून माझं म्हणणं : विकणाऱ्याने 'रीडायल', म्हणजे डायल नव्याने रंगवलेलं, असं स्पष्ट लिहावं. न लिहिणाऱ्याकडून आपण घेऊ नये. आणि मुळात रंगवूच नये. डाग आहे तर असू दे की.

नाना६४

असहमत. जरा रागानेच लिहितोय, समजून घ्या.

आमच्याकडे दोन पिढ्या घड्याळदुरुस्ती. एचएमटीचा बंगळुरूचा कारखाना १९६१ चा, सिटिझनच्या मदतीने उभारलेला. त्यानंतर जी घड्याळं आमच्या टेबलावर यायला लागली त्यांचे मालक काही संग्राहक नव्हते. शाळामास्तर, एसटीचे कंडक्टर, गिरणीतले लोक. घड्याळ एकच, रोज हातात. पावसाळ्यात चावीच्या बाजूने ओल आत शिरायची, डायलवर हिरवट बुरशीसारखे डाग यायचे, आकडे सुटून काचेखाली फिरायचे. माणूस म्हणायचा, "मुलीचं लग्न आहे, डायल करून द्या." कंपनीचं डायल मिळालं तर ते घालायचो, नाही तर रंगवणाऱ्याकडे पाठवायचो. तो आमच्या दुरुस्तीचाच भाग होता, जसा चावीचा मुंडा बदलणं किंवा काच बदलणं. कुणाला फसवायला कुणी करत नव्हतं.

आता तेच घड्याळ नातवाने विकायला काढलं. डायल कधी रंगलं, कुणी रंगवलं, हे त्याला ठाऊक नाही आणि घेणाऱ्या दुकानदारालाही. त्यात चोर कोण?

आणि स्विस मोठ्या कंपन्या काय वेगळं करतात? जुनं घड्याळ त्यांच्याकडे सर्व्हिसिंगला द्या, डायल आणि काटे बदलून आलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. त्यांनी केलं की सर्व्हिस डायल, म्हणजे कंपनीनेच बदललेलं म्हणून मान्य, आमच्या माणसाने केलं की मुंबई स्पेशल.

पंढरपूरच्या मूर्तीला वज्रलेप केला म्हणून विठोबा खोटा झाला का?

ठाणेकर

वज्रलेप होतो तेव्हा पेपरात बातमी येते, नाना. पुरातत्त्ववाल्यांना विचारून करतात. इथे बातमी राहू द्या, जाहिरातीत एक ओळ लिहायला जड जातं.

मुक्काम रत्नागिरी

मी मुंबई स्पेशल घेतो. माहीत असून घेतो. सांगायला लाजही वाटत नाही.

आमच्या भागात आखातात गेलेला माणूस सुट्टीवर आला की एक सिको किंवा सिटिझन हमखास यायचं. वार इंग्रजीत आणि अरबीत. वाडीत ती घड्याळं बघतच वाढलो, मिळालं मात्र एकही नाही, कारण काकांनी घेतलेलं काकांच्या मुलांना गेलं. आता पगारातून उरतं त्यात धडधाकट मूळ डायलचं सिको ७००९ परवडत नाही. मग मी निळ्या, नव्याने छापलेल्या डायलचं घेतलं. आत तेच मशीन, १७ ज्वेल (झीज कमी करणारे खडे), ताशी २१,६०० ठोके, आणि मध्यरात्रीनंतर वाराच्या खिडकीत अरबी अक्षरं सरकताना दिसतात ती काही कुणी रंगवलेली नाहीत. मला तेवढं पुरतं.

चावीवाले तुम्ही डायलवर भिंग लावून बसता, आणि मशीन कोरडं ठणठणीत असलं तरी 'ओरिजिनल' म्हणून खूश. माझ्या मते उलटं हवं. आधी टाइमग्राफरवर, म्हणजे टिकटिक ऐकून मशीनची तब्येत सांगणाऱ्या यंत्रावर, टाका. ॲम्प्लिट्यूड, म्हणजे आतलं झुलणारं चाक किती अंश फिरतं ते, २७०च्या आसपास आहे का बघा. दोनशेच्याही खाली असेल तर डायल कितीही कुमारी असलं तरी ते घड्याळ आजारी आहे. पेट्रोलमध्ये बुचकळून, वर थेंबभर तेल टाकून 'फुल सर्व्हिस' म्हणणारे जास्त धोकादायक. सुकलेल्या तेलावर घड्याळ चालत राहतं आणि चाकांचे खुंट झिजतात, ते बाहेरून दिसतही नाही.

चावीवाला

रत्नागिरीकर, तुम्ही माहीत असून घेतलंत. माझा वाद तुमच्याशी नाहीच. ज्याला माहीत नाही त्याच्याकडून मूळ डायलचे पैसे घेतले, तिथे आहे.

नाना, कंडक्टरचं घड्याळ रंगवलंत ते ठीक. पण आज जे चाललंय ती दुरुस्ती नाही. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली आणि ज्यांनी वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये टाकलं होतं त्यांना एकदम एचएमटी आठवलं. मग सुरू झालं. कुणाचं तरी बरं असलेलं साधं डायल खरवडायचं आणि त्यावर जास्त पैसे देणारं नाव छापायचं. देवनागरी आकड्यांचं 'जनता' आपल्या लोकांना हवंसं वाटतं, तर देवनागरी आकडे छापा. पायलट विकतं, तर कुठल्याही एचएमटीचं पायलट करा. जांभळ्या डायलवर विमानाचं चित्र असलेलं पायलट मी स्वतः बघितलंय. तुमच्या कुठल्या कंडक्टरने मागितलं होतं हो विमान?

स्थितप्रज्ञ

मी क्वार्ट्झ वापरतो. सेल बदलतो. वेळ बरोबर दाखवतं. तुमचं चालू द्या.

अनघा

या चर्चेत विकणारा आहे, घेणारा आहे. ज्याचं घड्याळ आहे तो कुठे आहे?

आईचं घड्याळ, बायकांचं छोटं, चावीचं. ती शाळेत शिकवायची, तास संपायला किती वेळ आहे ते बघायला मनगट आतल्या बाजूला फिरवायची, म्हणून घड्याळही आतल्या बाजूलाच बांधायची. डायल पिवळसर झालं होतं आणि तीन-चारच्या मधे तपकिरी डाग होता. घड्याळ थांबलं म्हणून एका दुकानात सर्व्हिसिंगला दिलं. परत आलं ते पांढऱ्याशुभ्र डायलचं. मी काही बोलायच्या आत दुकानदार म्हणाला, "बघा मॅडम, नवं करून दिलं, वेगळे पैसेही नाही घेतले." जुनं डायल कुठाय विचारलं तर म्हणे खरवडून त्याच्यावरच तर केलंय.

चांगल्या मनाने केलं त्याने, हे मला मान्य आहे. पण विचारलं नाही. इथे सगळे बाजारभाव आणि अस्सलपणा बोलताहेत. माझं घड्याळ मी जन्मात विकणार नाही, त्यामुळे 'रीडायल' लिहिण्याचा नियम माझ्या काहीच कामाचा नाही. मला नियम हवा तो दुरुस्तीच्या टेबलावर.

नाना६४

अनघाताई, हे चुकलंच त्या माणसाचं. आम्ही आमच्याकडे पावतीवर लिहून घेतो, डायल करायचं की नाही. पट्टा बदलतानाही विचारतो, जुना पट्टा पुडीत बांधून परत देतो.

पण 'मुळात रंगवूच नये' यावर मी ठाम विरोधात आहे. चावीवाले, सुटलेला रंग नुसता वाईट दिसत नाही. त्याच्या खपल्या पडतात. काट्यांवरचं वाळलेलं रेडियम भुगा होऊन खाली पडतं आणि मधल्या भोकातून मशीनमध्ये जातं. हेअरस्प्रिंगच्या, म्हणजे चाकाला झुलवणाऱ्या केसाएवढ्या स्प्रिंगच्या, वेटोळ्यात एक कण अडकला की घड्याळ तासाला मिनिटं पुढे पळायला लागतं. मग तुम्हीच येता, "नाना, सर्व्हिस करून महिना नाही झाला." असं डायल जसंच्या तसं ठेवायचं असेल तर ते घड्याळ कपाटात ठेवा. रोज घालायचं असेल तर डायलचं काहीतरी करावंच लागतं.

रसायनवाला

नानांनी 'रेडियम' म्हटलं म्हणून मधे पडतो. आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या कुठल्याही रंगाला रेडियमच म्हणतात, स्कूटरच्या नंबरप्लेटवरच्या पट्टीलासुद्धा. पण १९६० च्या आसपासच्या आणि त्याआधीच्या बऱ्याच स्विस घड्याळांत खरंच रेडियम असतं.

ते आता चमकत नाही, म्हणून लोकांना वाटतं संपलं. संपलेलं नसतं. त्यात मिसळलेलं झिंक सल्फाइड, जे खरं चमकतं, ते किरणांचा मार खाऊन निकामी झालेलं असतं, रेडियम मात्र जवळपास तेवढंच शिल्लक असतं. त्याचं अर्धआयुष्य सुमारे १६०० वर्षं. नंतरच्या घड्याळांत सहाच्या खाली 'टी स्विस मेड टी' दिसतं ते ट्रिशियम, त्याचं अर्धआयुष्य बारा वर्षांच्या आसपास, ते त्या मानाने सौम्य.

काच बंद असलेलं रेडियमचं घड्याळ अधूनमधून हातात घालणं वेगळं, आणि ते डायल कोरडं खरवडणं वेगळं. खरवडलं की धूळ होते, धूळ श्वासात जाते आणि शरीरात गेलेलं रेडियम कॅल्शियमसारखं हाडांत जाऊन बसतं. तुमच्या वादात गिऱ्हाइकाची फसवणूक झाली की नाही एवढंच चाललंय. खोलीत पंख्याखाली बसून दिवसभर डायलं खरवडणारा जो कारागीर आहे, त्याला कुणी सांगितलंय का की यातलं कुठलं डायल ओलं करून, मास्क लावून हाताळायचं आणि कुठल्याला हातच लावायचा नाही?

मुक्काम रत्नागिरी

हे माहीत नव्हतं. फेव्हर-ल्युबा घ्यायचा विचार होता, आता आधी काटे कसे आहेत ते बघीन.

अवांतर : पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी जाणार आहे. कुणी येतंय का?

ठाणेकर

जुन्या बाजारात निदान हातात घेऊन कानाला तरी लावता येतं. मूळ मुद्द्यावर : अनघाताईंचा प्रश्न टेबलावरचा आहे आणि चावीवाल्यांचा जाहिरातीतला, पण गाठ एकाच ठिकाणी आहे. डायल रंगवलं याची नोंद घड्याळाबरोबर राहत नाही. नानांच्या पावतीवर लिहिलं असेल, पण पावती कोण जपतं?

चावीवाला

नोंद घड्याळाबरोबर राहू शकते की. दुरुस्तीवाले मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने तारीख कोरतात, कुठे आद्याक्षरं. जुनं घड्याळ उघडलं की आत तीन-चार वेगवेगळ्या हातांचे ओरखडे सापडतात. तिथेच डायलचीही खूण करा. बाहेरून दिसत नाही, घालणाऱ्याला त्रास नाही, आणि पन्नास वर्षांनी उघडणाऱ्यालाही कळेल.

नाना६४

ती तारीख आम्ही आमच्या गॅरंटीसाठी कोरतो, म्हणजे गिऱ्हाईक सहा महिन्यांनी येऊन 'कालच केलंय' म्हणालं तर उघडून दाखवता यावं. तिच्याशेजारी 'डा' कोरायला मला काही अडचण नाही. उद्यापासून कोरतो.

पण मग घेणाऱ्यांनीही झाकण उघडून बघायची सवय लावा. फोटोतल्या चकचकीत डायलला भुलून पैसे पाठवायचे आणि मग इथे येऊन आमच्या धंद्याच्या नावाने बोटं मोडायची, हे बंद करा. गिऱ्हाइकालाच चकचकीत हवं असतं. मी डागाचं आणि रंगवलेलं अशी दोन घड्याळं शेजारी ठेवतो, दहातले नऊ जण कुठल्याला हात घालतात ते येऊन बघा.

चावीवाला

ते रंगवलेलं आहे हे सांगितल्यावरही?

नाना६४

सांगितल्यावरही. उलट विचारतात, अजून कुठल्या रंगात मिळेल.

ठाणेकर

झाकण उघडून आतला फोटो पाठवा म्हणून मी गेल्या आठवड्यात एका विक्रेत्याला लिहिलं. त्याने मला ब्लॉक केलं. तेच घड्याळ आज दोनशे रुपयांनी महाग झालंय, मजकुरात 'दुर्मीळ' हा शब्द वाढलाय.