अ‍ॅमेझॉन आणि पर्णरंध्रांचा हिशेब

'कार्बन डायऑक्साइड वाढला की झाडं जोमानं वाढतील, मग अ‍ॅमेझॉनची काळजी कशाला?' हा मुद्दा अर्धाच खरा आहे. पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रं, उघडली की कार्बन आत येतो आणि त्याच वाटेनं पाणी बाहेर जातं. कार्बन डायऑक्साइड मुबलक असेल तर रंध्रं कमी उघडून भागतं, पाणी वाचतं. पण तिथल्या पावसाचा बराच वाटा जंगलानंच सोडलेल्या बाष्पाचा. ते घटलं की पाऊसही घटू शकतो.

ब्रिटनच्या हॅडली सेंटर या हवामान संशोधन केंद्रानं २००० साली हवामान, वनस्पती आणि कार्बनचक्र संगणकाच्या मॉडेलमध्ये एकत्र जोडून पाहिलं, तेव्हा मॉडेलमधलं अ‍ॅमेझॉन या शतकात मोठ्या प्रमाणावर वाळलं. अर्थात, त्यांच्या 'ट्रिफिड' या वनस्पतींच्या मॉडेलमध्ये अख्ख्या जगाच्या वनस्पतींचे प्रकार पाचच! सदाहरित आणि पानगळीचे रुंदपर्णी वृक्ष एकाच खात्यात. म्हणून ते भाकीत मी जरा जपूनच घेतो.