तुमचे दोन दीनार

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट (बायबलमधलं लूक, अध्याय 10) आपण संडे स्कूलपासून ऐकतो. शोमरोनी म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्यांच्यातला. लुटारूंनी अर्धमेलं करून वाटेत टाकलेल्या माणसाच्या जखमांवर त्याने तेल आणि द्राक्षारस ओतला, हे सगळ्यांना पाठ असतं. मला पुढचं जास्त आवडतं. उतारशाळेवाल्याला त्याने दोन दीनार दिले, म्हणजे तेव्हाची दोन दिवसांची मजुरी, आणि वर ‘जास्त लागले तर परत येताना देईन’ म्हणाला. अनोळखी माणसापायी उधारी अंगावर घेतली! तुमचे दोन दीनार कुठे गेले ते लिहा. देणग्या, शिबिरं नकोत. घरातलं, आळीतलं हवं. फसलेलंही चालेल, असं वाचकांना सांगितलं होतं. त्यांनी लिहिलेलं हे :

वसई : 2018च्या जुलैत पाणी भरलं तेव्हाची गोष्ट. शेजारच्या काकांशी आमचा बांधावरून दावा. मिस्सालाही (चर्चमधल्या उपासनेलाही) बाबा एका टोकाच्या बाकावर, ते दुसऱ्या. त्यांचं घर सखल, संध्याकाळी ओट्यापर्यंत पाणी आलं. आई म्हणाली, “जा, घेऊन ये त्यांना.” बाबा गप्प. काका तीन रात्री आमच्या माळ्यावर झोपले. पहिल्या रात्री कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी बाबांनी आपला कोरडा लेंगा दिला, तोही माझ्या हाती. तिसऱ्या दिवशी दोघं विहिरीवर उभे राहून पाणी खराब झालंय का यावर भांडत होते, म्हणजे बोलत होते. दावा अजून चालू आहे. तारखेला मात्र एकाच रिक्षाने जातात.

नगर : माझं फसलेलं. उपासनेनंतर चर्चच्या फाटकाशी एक जण हात पसरतो, तोंडाला दारूचा वास. मी दहा रुपये टेकवतो, ते पीडा टळावी म्हणून. एकदा त्याने नोट परत केली. “आज नको, जरा बसा.” मी घड्याळ बघून निघालो. उपदेश नेमका ‘प्रीती सहनशील आहे’वर झाला होता.

मिरज : आजी इथल्या, 1894 साली सुरू झालेल्या मिशन इस्पितळात नर्स होती. निवृत्तीनंतरही गल्लीत कुणी गेलं की अंघोळ घालायला तिला बोलवत, मग घर कुठल्याही जातीचं असो. अंगावर तांब्या ओतताना म्हणायची, “पाणी कोमट आहे हं.”

पुणे : मी ख्रिस्ती नाही. 2020च्या श्रावणात आम्हा दोघांना कोरोना झाला. वरच्या मजल्यावरच्या ख्रिस्ती मावशी रोज जिन्यात डबा ठेवायच्या, कांदा-लसूण नसलेला. आम्ही सांगितलं नव्हतं. बरं झाल्यावर डबा रिकामा कसा द्यायचा, म्हणून साखर घालून दिला. दुसऱ्या दिवशी त्याच साखरेचा शिरा आला.