हार्डडिस्कच्या साटा कनेक्टरचं प्लॅस्टिक तुटलं, फोटो वाचतील का?

धांदरट_बाबा:
मंडळी घोळ झालाय. दिवाळीची साफसफाई म्हणून डेस्कटॉपचं कॅबिनेट उघडलं, धूळ उडवली, आणि साटाची डेटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) काढताना जरा तिरकी ओढली गेली तर कट्ट! डिस्कवरची ती एल आकाराची प्लॅस्टिकची पट्टी मोडून केबलच्या तोंडातच अडकलीय, डिस्कवर नुसत्या ७ पिना उघड्या, त्यातली एक वाकलीय. पॉवरची बाजू धड आहे. १ टीबीची ३.५ इंची डिस्क, पोरीच्या बारशापासूनचे सगळे फोटो त्यात, बॅकअप नाही (शिव्या नंतर घाला). रिपेअरवाला म्हणतो डिस्कला सेम मॉडेलचा सर्किट बोर्ड टाकून देतो. देऊ का?

खटपट्या:
नको! बऱ्याच डिस्कच्या बोर्डवर ८ पायांची बारकी रॉम चिप असते, तिच्यात त्याच डिस्कची स्वतःची माहिती असते, त्यामुळे मॉडेल सेम असलं तरी नुसता बोर्ड बदलून बहुतेक वेळा डिस्क चालत नाही, ती चिप काढून नव्या बोर्डवर सोल्डर करावी लागते. हे करणार आहे का विचार त्याला, गप्प बसला तर डिस्क घेऊन घरी ये.
आणि केबलमधली पट्टी उपसू नकोस, तीच कामाला येणारे. पीसीची वायर भिंतीतून काढ, वाकलेली पिन टूथपिकने हळूच सरळ कर, मग केबल अशी सरकव की पिना पट्टी आणि केबलच्या आतले पत्रे यांच्या मधून जातील. डिस्क टेबलावर आडवी ठेव, केबल लोंबकळायला नको.

धांदरट_बाबा:
कॅबिनेटची कटकट नको, यूएसबी टू साटा केबलने लॅपटॉपला लावू का? आणि फेविक्विक?

जुना_सोल्डर:
३.५ इंचीला १२ व्होल्ट लागतात भाऊ, यूएसबीतून फक्त ५ येतात, वेगळा अडॅप्टर असलेलीच केबल चालेल. शिवाय तिचं तोंड डेटा-पॉवर एकत्र असतं, तुटक्या बाजूला नीट बसवणं अवघड, त्यापेक्षा पीसीच बरा. फेविक्विक अजिबात नको, पातळ असतं, पिनांवर पसरलं की कॉन्टॅक्टच बंद. आधी डेटा काढ, मग काय चिकटवायचं ते चिकटव.
डिस्क दिसल्यावर विंडोजने चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणं) करू का विचारलं तर नाही म्हण. आधी फोटो, पिक्चर-बिक्चर राहू देत. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) सी७ चा आकडा, म्हणजे केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुकांची मोजणी, बघत राहा, तो वाढत असला तर कनेक्शन हलतंय. आधीच वाढलेला आकडा खाली येत नाही, त्याने घाबरू नकोस.

धांदरट_बाबा:
तिसऱ्या झटक्यात बायोसमध्ये (विंडोजच्या आधीची सेटिंगची स्क्रीन) डिस्क दिसली!! सी७ आधी ३ होता, मधे मांजर टेबलावर चढलं आणि एकदम ४१, कॉपी अडकली. परत बंद करून बसवली. आता २०१९ पर्यंतचे फोटो आलेत, मांजर बाथरूममध्ये कोंडलंय.